पडदा लावा, पाहुणे मागे बसवा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना पडद्यावर जायची चांगली सवय आहे. माळशेजचे धबधबे रीलमध्ये, माहुलीचे सुळके ड्रोनमध्ये, तानसा-भातसा भरले की मुंबईच्या बातम्यांमध्ये. फांगण्याच्या आज्या ८ मार्च २०१६ ला गुलाबी नऊवारी नेसून शाळेत गेल्या, तेव्हापासून देशोदेशीचे कॅमेरे येऊन त्यांच्याकडून बाराखडी म्हणवून गेले. येणारा प्रत्येक जण इथलं काहीतरी टिपून नेतो. इथं चार बांबू ठोकून आज्यांना, बाईंनो बसा, आज तुम्ही बघा, असं म्हणणारा मात्र फारसा कुणी भेटत नाही.

तेव्हा या आठवड्यात मंडळांना फुकटचा सल्ला. गणपती असो, नवरात्र असो, नाहीतर पौषातली म्हशाची जत्रा. एक रात्र डीजेला सुट्टी द्या आणि एक जुना विनोदी सिनेमा दाखवा.

पूर्वी हे सर्रास व्हायचं. सत्यनारायणाच्या महापूजेच्या पत्रिकेत वर तीर्थप्रसाद, मध्ये हळदीकुंकू आणि सुस्वर भजन, आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत चित्रपट. गाव पत्रिका खालून वर वाचायचं. पांढरं कापड रस्त्यातच ताणायचं आणि दोन्ही बाजूंनी माणसं बसायची. मागच्यांना नावं उलटी दिसायची आणि नायक डाव्या हातानं जेवायचा. खलनायकाला मार मात्र दोन्हीकडून सारखाच पडायचा, त्यामुळे तक्रार नसायची.

तंबूतला सिनेमा तर जत्रेमागून जत्रा करत महाराष्ट्रभर फिरायचा. त्याचा दम संपत आला तेव्हा शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी त्यावर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ साली कान महोत्सवात त्याचं कौतुक झालं. तंबूची कनात विरली, मग शाल आली. आपल्याकडे माणूस असो की धंदा, सत्काराची वेळ कधी चुकत नाही. ती नेहमी शेवटचीच असते.

आता सिनेमा कुठला? पौराणिक नको, तो सप्ताहाला शोभतो. देशभक्तीचा १५ ऑगस्टला राखीव. माझं मत अमेरिकेतल्या १९३० च्या दशकातल्या ‘स्क्रूबॉल कॉमेडी’ला. नाव परदेशी असलं तरी माल ओळखीचा आहे. १९२९ ला तिकडचा शेअरबाजार कोसळला, पुढे चारातला एक कामकरी बेकार झाला, आणि खिशात चार आणे उरलेला माणूस थिएटरात जाऊन बसला. काय बघायला? तर श्रीमंतांचा खुळेपणा. बंगला मोठा आणि डोकं लहान. लाडावलेली पोरगी, वैतागलेला बाप, मध्ये एक कफल्लक पण जिभेचा तिखट गडी. पळापळ, खोटी नावं, उसने कपडे, आणि शेवटी लग्न.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तेव्हापासून शनिवारी सकाळी शहापुरात उतरणाऱ्या गाड्या आणि त्यातून उतरणारी माणसं ज्यानं पाहिली आहेत, त्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. प्रस्ताव चार आहेत. मंडळानं मीटिंग घ्यावी, चहा मागवावा, भांडावं.

पहिला प्रस्ताव : एसटीचा सिनेमा

फ्रँक काप्राचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’, १९३४ चा. कोट्यधीशाची मुलगी एली बापाच्या बोटीवरून पाण्यात उडी मारून पळते आणि मायामीहून न्यूयॉर्कला निघालेली रात्रीची बस धरते. शेजारच्या सीटवर नोकरी गेलेला बातमीदार क्लार्क गेबल. पुढचा सगळा सिनेमा बस, धूळ आणि फुकटच्या लिफ्टवर.

मुरबाडकराला यात परकं काय वाटणार? कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी, सर्वेक्षण, मंजुरी अशी एकेक स्टेशनं येऊन गेली; गाडी तेवढी यायची आहे. तोवर या तालुक्यातल्या प्रेमिकांना पळून जायचं झालं तरी एसटीच्या वेळापत्रकातच पळावं लागतं. एली आज असती तर २०२३ च्या मार्चपासूनच्या महिला सवलतीत अर्ध्या तिकिटात पळाली असती. अर्थात कोट्यधीशाच्या पोरीकडे सुट्टे कुठले? कंडक्टरनं सुट्ट्यांवरून तिचं बंड डेपोच्या गेटवरच मोडलं असतं.

सिनेमात गेबल रस्त्याकडेला उभा राहून अंगठा दाखवतो आणि एकही गाडी थांबत नाही. मग एली झगा गुडघ्यापर्यंत वर करते आणि पहिलीच गाडी करकचून ब्रेक मारते. जगभर गाजलेला हा प्रसंग आपल्याकडे कुणाला कळणार नाही. इथं अंगठाही लागत नाही आणि गुडघाही. जीपवालाच हातातली पिशवी ओढून बसवतो आणि अकरावा माणूस मिळेपर्यंत हलत नाही.

दुसरा गाजलेला प्रसंग मुक्कामाच्या खोलीतला. लग्न न झालेली दोघं, खोली एक, म्हणून गेबल मध्ये दोरी बांधून तिच्यावर चादर टाकतो. पुढे सिनेमाभर प्रश्न एकच, ती चादर पडणार कधी? म्हशाच्या जत्रेतलं घोंगडं टाकलं असतं तर कथा आटोपलीच असती. ते वजनदार. दोरीसकट रात्रीच खाली आलं असतं.

या सिनेमाला ऑस्करची पाचही मोठी बक्षिसं मिळाली. नायिका क्लोदेत कोल्बर्टला बक्षिसाची आशा नव्हती. त्या रात्री ती गाडी पकडायला रेल्वे स्टेशनवर गेली होती आणि तिथून तिला उचलून समारंभात आणलं. मुरबाडच्या नटीचं असं व्हायचं नाही. तिला आधी स्टेशन मंजूर करून घ्यावं लागेल.

दुसरा प्रस्ताव : बिबट्याचा सिनेमा

हॉवर्ड हॉक्सचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’, १९३८. कॅरी ग्रँट हाडं जुळवणारा शास्त्रज्ञ. कॅथरीन हेपबर्न पैसेवाली आणि बेफाम. तिच्या न्हाणीघरात पाळीव बिबट्या, नाव बेबी. पुढे सर्कशीच्या गाडीतून दुसरा, खराखुरा हिंस्र बिबट्या सुटतो आणि बाई त्यालाच बेबी समजून दोरीनं ओढत पोलिस ठाण्यात घेऊन येते.

अमेरिकेत हा सिनेमा तेव्हा पडला. लोकांना म्हणे पटला नाही. टोकावड्यात लावा, शब्दन् शब्द पटेल. फक्त बिबट्या छपरावर चढल्यावर बाई त्याला गाणं म्हणून दाखवते त्या ठिकाणी प्रेक्षक उठून वनरक्षकाला फोन लावतील, आणि फोन लागणार नाही, कारण रेंज टेकडीवर आहे आणि टेकडीवर बिबट्या.

कुणी म्हणेल, रात्री उघड्यावर माणसं बसवायची म्हणजे धोकाच. उलट आहे. वनखात्याच्या सूचना काय सांगतात? रात्री एकट्यानं राहू नका, घोळक्यानं बसा, उजेड ठेवा, मोठ्यानं बोला, गाणी लावा. शहरात यालाच ओपन एअर स्क्रीनिंग म्हणतात आणि माणशी तिकीट घेतात. आपण सरकारी सूचनांचं पालन म्हणून फुकट करू.

आणि या विनोदात आपण अमेरिकेच्या मागं आहोत, असं कुणी समजू नये. घाट चढून गेलं की जुन्नर. तिथले आमदार शरद सोनवणे डिसेंबर २०२५ मध्ये बिबट्याचा वेष घालून नागपूरच्या विधानभवनात पोचले. बिबट्यांनी गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडायचा विचार वनमंत्री गणेश नाईक यांनी बोलून दाखवला. हॉक्सच्या लेखकांना हे सुचलं नव्हतं. त्यांच्या बिबट्याला कुत्र्याशी खेळावं लागलं, शेळीची तरतूद नव्हती.

तसे आपण तेव्हाही मागं नव्हतो. बेबी आली त्याच १९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सनं मास्टर विनायक आणि आचार्य अत्रे यांचा ‘ब्रह्मचारी’ काढला. ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला औदुंबर आणि ती मोडायला निघालेली किशोरी. मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याचा पोशाख घातला आणि सबंध महाराष्ट्र त्याचा निषेध करायला थिएटरात गेला; निषेध नीट व्हावा म्हणून काही जण पुन्हा गेले असतील, तर त्यांना दोष देता येत नाही. व्यायाम, संयम आणि शिस्तीवरची भाषणं त्या सिनेमात जशी उताणी पडतात, तशी आज कुणी पाडून दाखवावीत. दाखवायच्या आधीच निवेदन येईल.

तिसरा प्रस्ताव : वाटपाचा सिनेमा

हा माझा लाडका. ग्रेगरी ला कावाचा ‘माय मॅन गॉडफ्री’, १९३६. न्यूयॉर्कच्या बड्या हॉटेलात श्रीमंतांचा खेळ रंगला आहे. चिठ्ठीत लिहिलेल्या वस्तू शोधून आणायच्या, जो आधी आणेल तो जिंकला. कुणी बकरी आणतो, कुणी माकड. यादीतली एक वस्तू म्हणजे ‘विसरला गेलेला माणूस’. मग नटलेल्या बाया गाड्या घेऊन नदीकाठच्या उकिरड्यावर जातात, तिथल्या बेघरांतून एकाला उचलतात, हॉटेलात आणून उभा करतात आणि पहिलं बक्षीस घेतात. टाळ्या पडतात. तो माणूस, म्हणजे विल्यम पॉवेल, त्यांना तिथंच चार शब्द सुनावतो आणि पुढे त्याच घरात बटलर म्हणून राहतो.

दिवाळीच्या आधीचा रविवार डोळ्यांसमोर आणा. शहापूरच्या एखाद्या पाड्यावर सकाळी अकराला तीन गाड्या लागतात. बॅनर आधी उतरतो, फराळ नंतर. लाडू दोन, चकली एक, चिवडा मूठभर, साबणाची वडी, आणि हे सगळं ज्या पिशवीत आहे तिच्यावर देणाऱ्याचं नाव पिशवीहून मोठं. मुलांना उन्हात रांगेत बसवतात. ‘सगळ्यांनी पिशवी वर धरा’ असा हुकूम होतो. एका म्हातारीनं पिशवी उलटी धरली म्हणून फोटो परत. मग साहेब एका पोराला कडेवर घेतात, पोर भोकाड पसरतं, साहेब हसत राहतात. बाराला गाड्या परत, कारण दीडला रिसॉर्टवर जेवण आहे. दुपारी दुसरी संस्था, तेच पोर, दुसरी पिशवी.

खेळ तोच आहे. यादी तेवढी बदलली : एक पाडा, एक म्हातारी, एक रडकं पोर, एक झोपडी पार्श्वभूमीला. बक्षीस लाइक्समध्ये मिळतं.

तर हा सिनेमा पाड्यावर दाखवा आणि वाटपवाल्यांना आवर्जून बोलवा. पाड्यावरची माणसं हसतील तिथं तेही हसतील. हसता हसता एखाद्याला वाटलं की हे आपल्यावर चाललंय, तर वाटपाचा खर्च वसूल झाला. निवडून काढलेला तो विसरलेला माणूस मुळात मोठ्या घराण्यातला असतो, हेही सिनेमात पुढे कळतं. आपल्याकडे असा धक्का बसायची भीती नाही. आपल्याकडे मोठ्या घराण्यातली माणसं गरिबांच्या यादीत असली, तर ती रेशनकार्डावरच सापडतात.

चौथा प्रस्ताव : घराचा सिनेमा

आता कुणीतरी बाकावरून ओरडणारच, ‘ते इंग्रजी राहू द्या, बनवाबनवी लावा!’ बरोबर आहे. सचिन पिळगावकरांचा ‘अशी ही बनवाबनवी’, २३ सप्टेंबर १९८८. कथा अशी की पुण्यात घर मिळेना. सरपोतदारांनी बाहेर काढलं; लीलाबाई काळभोर जागा देतात, पण जोडप्यांनाच. मग परशाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते आणि धनंजय माने एक खोटं लपवायला दहा खोटी रचत राहतात. मुळात हा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेला. पण आज तो सिनेमा कुणाचा, असं विचारलं तर महाराष्ट्रातलं प्रत्येक घर सातबारा दाखवेल.

सातबाऱ्यावरून आठवलं. आपल्याकडे १९४८ च्या कूळकायद्यानं शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला घ्यायची तर अटी आणखी कडक. कायदा स्पष्ट आहे. आणि तरीही मुरबाडच्या रस्त्याला, किन्हवलीकडे, डोळखांबकडे जिकडे बघाल तिकडे फार्महाऊस. एवढे शेतकरी अंधेरी-मुलुंडमध्ये पिकतात, हे आपल्याला माहीत नव्हतं.

परशाला पार्वती व्हायला लुगडं, विग आणि कुंकू लागलं, आणि पदर सरकला की बोंब व्हायची. शेतकरी व्हायला एवढी यातायात नाही. आजोळच्या कुठल्यातरी गावच्या उताऱ्यावर एक ओळ निघाली की झालं. तीही निघाली नाही तर नाव दुसऱ्याचं, पैसा आपला आणि कुंपण बारा फुटी. मग पीक येतं : हिरवळ, झोपाळा, तिरंगी दिव्यांची माळ आणि पोहायचा तलाव. ई-पीक पाहणीत तिथं काय लिहावं? शेजारी भातसा, पलीकडे १८९२ पासून मुंबईला पाणी पाजणारा तानसा, डोंगरातल्या पाड्याला एप्रिलमध्ये टँकर, आणि मधल्या या शेतात शहरातली मुलं सूर मारताहेत. एली बापाच्या बोटीवरून उडी मारते ती पळून जायला. ही मुलं उडी मारून तिथंच राहतात.

बनवाबनवीत आपण मान्यांच्या बाजूनं का असतो? कारण तिथं खोटं बोलतो त्याला डोक्यावर छप्पर नसतं. घाम त्याला फुटतो, पळापळ त्याची होते, आणि शेवटी लीलाबाई माफ करतात तेव्हा आपल्यालाच सुटल्यासारखं वाटतं. इथल्या बनवाबनवीत खोटं बोलणाऱ्याचं हे तिसरं घर असतं. घाम त्याला फुटत नाही, घरात एसी आहे. आणि ज्याची जमीन गेली तो त्याच गेटवर वॉचमन म्हणून उभा असतो, शनिवारी मालकाच्या गाडीला सलाम करतो. तिकडच्या सिनेमात श्रीमंत पोरगी बसमध्ये बसून शहाणी तरी होते. आपल्याकडचे पाहुणे काच खाली करत नाहीत.

म्हणूनच हे सिनेमे इथं लावायचे. मंदीतल्या अमेरिकन माणसाला काप्रानं नोकरी दिली नाही. हसायचं कुणाला, तेवढं मात्र नीट दाखवलं. आपण आजवर उलट्या बाजूला बसलो. शहर बघतं आणि आपण दिसतो. आता पडदा फिरवू.

व्यवस्थेच्या चार गोष्टी. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, हा नियम आहे. ‘इट हॅपन्ड वन नाइट’ १०५ मिनिटांचा, म्हणजे सव्वाआठला सुरू केलाच पाहिजे. भाषणं किती मिनिटांची असतात, हे कुणी मोजलेलं नाही. मोजणारा आधी झोपतो. या सिनेमांतली पात्रं एकमेकांची वाक्यं तोडत झपाट्यानं बोलतात आणि प्रत्येक वाक्यातून काहीतरी निघतं. त्याच्याआधी आपल्या वक्त्यांना माईक देऊन तुलनेला वाव देऊ नये. सत्काराच्या शाली असतील तर त्या जमिनीवर बसलेल्यांना अंथरायला द्याव्यात.

इंग्रजीची अडचण नको. टेनिस क्रिकेटच्या सामन्यांना जो पोरगा दिवसभर माईकवर असतो, त्याला बसवा. ओव्हरला पस्तीस वाक्यं टाकणारा तो गडी कॅरी ग्रँटला सहज धरेल, वर मधूनच चहावाल्याची जाहिरातही करेल. एलईडीची भिंत हळदीला आणता तीच आणा. सिनेमाच्या मालकाची रीतसर परवानगी घ्या, नाहीतर बनवाबनवी दाखवताना तीच केल्यासारखं होईल. वर्गणी क्यूआर कोडवर घ्या. धसई तर १ डिसेंबर २०१६ लाच रोकडरहित जाहीर झालं आहे. गावात रोकड नसायची, ती पद्धत त्याहून जुनी, पण तेव्हा तिचं उद्घाटन झालं नव्हतं.

राहिला प्रश्न पुढच्या रांगेतल्या कव्हर घातलेल्या खुर्च्यांचा. त्यावर भांडणं होतात, म्हणून नियम एकच ठेवा : पुढची रांग शेतकऱ्यांसाठी राखीव, दाखला बघूनच प्रवेश. खुर्च्या पाच मिनिटांत भरतील, दाखले सगळ्यांचे अस्सल असतील, आणि ज्यांच्या पायाला चिखल आहे ते मागं उभे राहून सिनेमा बघतील. मग कॅमेरावाल्याला सांगा, दिवे लागलेले असू देत, पडद्याआधी पाच मिनिटं नुसता पुढच्या रांगेवर कॅमेरा धर. विनोदी चित्रपट सुरू झाला, हे लोकांना आपोआप कळेल.